यवतमाळच्या बार रूममधलं इंग्लंड

वकिलांच्या बार रूममध्ये खटल्यांपेक्षा किस्से जास्त टिकतात. खटल्याचा एक ना एक दिवस निकाल लागतो, पक्षकार देवाघरी जातात, कागदांना वाळवी लागते. किस्सा मात्र कोणी निकाली काढत नाही. उलट जितक्यांदा सांगावा, तितके त्याला नवे साक्षीदार फुटतात! आमच्या यवतमाळच्या बार रूममध्ये तर कोणी नुसतं "एक सांगा" म्हटलं की चार जण एकदम उभे राहतात आणि चौघांचा किस्सा एकच असतो, फक्त शेवट वेगळा. म्हणून आज मी फक्त मधू सबनीसचे किस्से सांगतो. या किस्स्यांना साक्षीदार मी स्वतः आहे. उलटतपासणी नंतर घ्या, आधी चहा सांगा.

मधू आमच्यातला सगळ्यात हुशार वकील, आणि सगळ्यात रिकामा. तसा तो सुरुवातीपासून रिकामा नव्हता. बापाची चालती वकिली हाती आली होती. पण छप्पन सालच्या नोव्हेंबरात आपला जिल्हा मध्यप्रदेशातून निघून मुंबई राज्यात गेला, आणि त्याच सुमारास मधूने बार रूममध्ये जाहीर केलं, "मी डॉक्टरेट करतोय. नागपूरहून विषय मंजूर होऊन आला."

"विषय काय?" मी विचारलं.

मधू उभा राहिला. "इंग्लंड आणि भारत : आंतरराष्ट्रीय व्यापारी कायद्याच्या ऐतिहासिक मुळांचा तुलनात्मक अभ्यास."

 कोपऱ्यातल्या आरामखुर्चीत दादासाहेब मोहरील बसले होते. आमच्यातले सगळ्यात ज्येष्ठ वकील. दात गेले होते, पण चावायचे अजून. म्हणाले, "मुळं? मंग वकिलाईत काहून बसला बापा? वैद्याकडं जा."

मधू कधी चिडायचा नाही, हाच त्याचा दोष. शांतपणे समजावू लागला, "दादासाहेब, माणूस एका देशातून दुसऱ्या देशात जातो तेव्हा त्याच्यावरचा कायदा बदलतो. मग त्याच्या मालाचं काय, दिल्या शब्दाचं काय, असा प्रश्न आहे."

"हे तू मले सांगून राह्यला?" दादासाहेब उठून बसले. "त्या दिवशी निजलो तवा मी मध्यप्रदेशात होतो, अन् उठलो तं मुंबई राज्यात! बाज तीच, सतरंजी तीच, घोरणारी बायको तीच. पाय खाली न टेकवता राज्य ओलांडलं म्या. लिही माझ्यावर थिसिस!"

त्या दिवसापासून मधूचं नाव पडलं 'इंटरनॅशनल'.

०००

इंग्लंडात म्हणे जुन्या काळी जत्रेच्या मैदानावरच व्यापाऱ्यांचं कोर्ट भरायचं. देशोदेशीचे व्यापारी यायचे, जत्रा उठली की जायचे, म्हणून निकाल तिथल्या तिथे. पायावरची धूळ झटकायला घरी जायचीसुद्धा गरज नाही. त्या कोर्टाचं नावच 'धुळीच्या पायांचं कोर्ट'. मधू हे इतक्या मायेने सांगायचा, की ऐकणाऱ्याला वाटावं ते कोर्ट त्याच्या आजोळी भरायचं!

एकदा मधू, मी आणि परसराम आडे कामानिमित्त दारव्ह्याला गेलो. आडे आमच्याच वयाचा वकील. दिग्रसकडच्या बंजारा तांड्यावरचा, आणि त्या तांड्यातला पहिला काळा कोट. चेहरा असा निरागस, की साक्षीदार आपण होऊन खरं सांगायचे. आतून मात्र पक्का खट्याळ.

आठवडी बाजाराचा दिवस होता. बैलबाजारात दोघांची जुंपली होती. घेणारा म्हणे बैल लंगडतो. विकणारा म्हणे, "लंगडत नाही बावा, नव्या माणसाले लाजते!"

मधूचे डोळे चमकले. "अरे, हेच! धुळीचे पाय!"

आम्ही आवरायच्या आत तो एका पालथ्या टोपल्यावर बसलासुद्धा. दोघांचं ऐकून घेतलं. बैलाला चालवून पाहिलं. आणि खणखणीत आवाजात निकाल दिला. विकणाऱ्याने बैल परत न्यावा, घेणाऱ्याने आजचा चारा घालावा. गर्दीतून कोणीतरी टाळीही वाजवली.

ते दोघे मात्र मधूकडे पाहतच राहिले.

"झालं?" विकणाऱ्याने विचारलं.

"झालं."

"बस? एवढंच?"

घेणारा तर पार चिडला. "साहेब, आमी सकायपासून भांडून राह्यलो, अन् तुमी एका विडीत संपवून टाकलं! आता दिवसभर आमी काय करावं?"

तेवढ्यात शेजारच्या बैलबंडीच्या सावलीतून आडे हात जोडून पुढे आला. "निकाल पसंत नसंल तं अपील करता येते, बापा."

दुसऱ्या दिवशी दोघेही कोर्टाच्या दारात हजर! एकाने आडेला वकील केलं, दुसऱ्याने मला. मधूला कोणी विचारलं नाही. आणि बैल? तो तोवर दुसऱ्या गावच्या माणसाने घेऊन नेला होता, आणि म्हणे घोड्यासारखा चालत होता!

०००

मधू एकदा बोलता बोलता म्हणाला, "आपल्याकडच्या सामान्य माणसाला आंतरराष्ट्रीय सरहद्दीचा अनुभव नाही, ही माझी अडचण आहे."

दादासाहेबांनी पान तोंडाकडे नेता नेता खाली ठेवलं. "माझं लगीन कुठं झालं, माहीत हाय का तुले?"

पैनगंगेच्या पलीकडे तेव्हा निजामाचं राज्य. दादासाहेबांची सासुरवाडी तिकडची. लग्न लावून वऱ्हाड परत निघालं, तर नदीच्या अलीकडे यायच्या आत निजामाचा जकात नाका. नव्या मालावर जकात, वापरलेल्यावर माफ. आणि बंडीत आंदणाची नवीकोरी पितळी भांडी, उन्हात अशी चकाकणारी की नाकेदाराने डोळ्यांवर हात धरला.

"नया माल है," नाकेदार म्हणाला.

दादासाहेबांच्या आत्याबाई वऱ्हाडाच्या सरसेनापती. त्या खाली उतरल्या. "नया कैसा? रोजका बर्तन है!" म्हणून त्यांनी तिथेच नदीकाठी तीन दगडांची चूल मांडली, काड्या गोळा करवल्या, आणि नव्या पातेल्यात झुणका टाकला. परातीत पीठ मळलं. पाहता पाहता भांडी बुडाशी काळी झाली. पहिली भाकरी नाकेदाराच्या हातावर!

नाकेदार पोटभर जेवला. ढेकर दिली. "बर्तन पुराना," त्याने मान्य केलं. मग त्याची नजर बाशिंग बांधलेल्या दादासाहेबांवर गेली. "लेकिन दूल्हेका कोट नया है."

दादासाहेबांचे वडील पुढे झाले आणि हात जोडून म्हणाले, "कोट नया है साहेब, पर अंदरका आदमी एकदम पुराना. मॅट्रिकला बसून बसून झिजलाय!"

नाकेदार हसत हसत बाजूला झाला आणि वऱ्हाड नदी उतरलं.

आम्ही सगळे पोट धरून हसत होतो. मधू एकटा गंभीर. "दादासाहेब, वापरलेल्या वस्तूंना ही सूट कोणत्या कलमाखाली होती?"

दादासाहेबांनी पान तोंडात टाकलं. "झुणक्याच्या."

०००

या सगळ्यात मधूची वकिली सुकत चालली. अशील यायचे, तर मधू पुस्तकात. अशील उठून जायचे, तरी मधू पुस्तकात. कुमुदवहिनी, म्हणजे मधूची बायको, अकोल्याच्या एका कापूस जिनिंगवाल्याची मुलगी. त्यांनी पुष्कळ सोसलं. मग एक दिवस ट्रंक भरली आणि माहेरी निघाल्या. आदळआपट नाही, रडणं नाही. दारातून फक्त म्हणाल्या, "इंग्लंडहून परत आलात की कळवा."

मधू खचला. पण दाखवणार कोणाला? आडेला म्हणाला, "चल, तुझ्या तांड्यावर जाऊ. मला तुमचे जुने रिवाज हवेत."

आडेच्या पूर्वजांनी पिढ्यान्‌पिढ्या बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखच्या मुलूख ओलांडलेले. मधूच्या विषयात ते नेमके बसत होते. मीही सोबत गेलो. अंगणात आडेची म्हातारी आई बसली होती. तिला तो 'याडी' म्हणायचा. याडी बोलायची ती बंजाऱ्यांची गोरबोली, मधूला त्यातलं अक्षर कळेना. म्हणून आडे दुभाषा.

मधूने कागद पेन सरसावलं. "त्यांना विचार, परक्या राज्यातून जाताना माल वाटेत हरवला, तर जबाबदारी कोणाची?"

आडे आईकडे वळून बराच वेळ बोलला. एवढ्याशा प्रश्नाला इतके शब्द? मला तेव्हाच संशय आला. याडीने मधूकडे पाहिलं. च् च् केलं. त्याचा हात आपल्या हातात घेतला, थोपटला, आणि काहीतरी बोलली.

"काय म्हणाल्या?"

आडेने घसा खाकरला. मग अगदी गंभीरपणे म्हणाला, "म्हणते, वाटेत जे हरवलं त्याची जबाबदारी नेणाऱ्याची. ज्यानं सोबत आणलं, त्यानंच जाऊन परत आणावं. ते कोणाच्या राज्यात गेलं, हे पाहू नये."

मधू लिहायला लागला. निम्म्या वाक्यात पेन थांबलं. कागदाकडे पाहत राहिला. मग कागद घडी करून खिशात ठेवला आणि उठला.

दुसऱ्या दिवशी तो कोर्टात नव्हता, अकोल्याच्या मोटारीत होता. आणि त्याच आठवड्यात कुमुदवहिनी आपल्या ट्रंकेसकट घरी!

मला राहवेना. आडेला गाठलं. "खरं सांग, याडी तसं म्हणाली होती?"

"याडी? ती म्हणे, पोरगं लई वाळलं, याले आधी दूध पाजा."

"आणि तू विचारलं काय होतंस?"

"म्या इचारलं, याची बायको माहेरी गेली, आता यानं काय करावं?"

०००

वहिनी आल्या त्या एका अटीवर. "घरात इंग्लंड चालेल. पण मलाही कळलं पाहिजे." त्यांना टायपिंग येत होतं, वडिलांच्या जिनिंगची पत्रं त्याच करायच्या. माहेरून टाइपरायटर आला आणि मधूचा प्रबंध खटखटू लागला. टाइप करता करता वहिनी मधूला अडवून प्रश्न विचारायच्या आणि कच्ची वाक्यं स्वतःच नव्याने लिहायच्या. मधूची कोर्टाची कामंही त्याच टाइप करायच्या. जी काही उरली होती ती!

त्यात एक मारेगावचा दावा होता. एका शेतकऱ्याची बंडी शेतात न्यायची वाट शेजाऱ्याने काट्या टाकून बंद केली होती. मधू शेतकऱ्याचा वकील. वहिनींनी दाव्याचे कागद टाइप केले, टाचणी लावली, मधूने न वाचता दाखल केले.

सुनावणीच्या दिवशी जज्जसाहेब कागद चाळता चाळता थांबले. चष्मा पुसून पुन्हा वाचलं.

"सबनीस, वादी परदेशी व्यापारी आहे का?"

"नाही साहेब. मारेगावचा आहे."

"मग इंग्लंडच्या राजाने परदेशी व्यापाऱ्यांना रस्त्याने निर्धास्त येऊ जाऊ द्यावं, असं इथे काय म्हणून लिहिलंय?"

मधूचा चेहरा पांढराफटक. प्रबंधाचं एक पान दाव्यात गेलं होतं! पण जज्जसाहेब रंगात आले होते. त्यांनी प्रतिवादी शेजाऱ्याला पुढे बोलावलं आणि मराठीत विचारलं, "काय हो, तिकडे राजाने परदेशी माणसालासुद्धा वाट दिली, आणि तुम्ही शेजाऱ्याला देत नाही?"

शेजारी घाबरून वकिलाकडे वळला. त्याचा वकील मीच. कानात म्हणाला, "साहेब, हे लोक पार राजापावतर गेले?"

 मी होकारार्थी मान डोलावली.

"मंग जाऊ द्या," तो म्हणाला. "काट्या आजच उचलतो. तिकडून कोणी आलं तं आपल्याच्यानं निस्तरणार नाही!"

तडजोड झाली. मधूने त्या वर्षात जिंकलेला तो एकमेव दावा.

०००

आता सासरेबुवांची स्वारी. त्यांनी मुलीला परत पाठवलं होतं, पण मनातून नाही. त्यांचं म्हणणं, काळा कोट खुंटीला टांगा आणि अकोल्याला जिनिंगच्या गादीवर येऊन बसा. मधूने असं केलं तर प्रबंध संपला, हे आम्हाला स्पष्ट दिसत होतं. आणि एक दिवस निरोप आला की सासरेबुवा जावयाची वकिली डोळ्यांनी पाहायला येताहेत.

बार रूममध्ये युद्धपातळीवर बैठक झाली. दादासाहेब म्हणाले, "अशील नाहीत नं? मंग उसने द्या!"

त्या सकाळी प्रत्येकाने आपापले अशील मधूच्या घरी धाडले. ओटीवर मुंगी शिरायला जागा नाही. फेटे, टोप्या, काठ्या, दोन रडणाऱ्या बायका. वणीचा एक म्हातारा तर घोंगडं पसरून आडवा झाला होता. सासरेबुवा आले आणि दारातच थबकले. चेहऱ्यावर समाधान पसरू लागलं. आम्ही समोरच्या पानाच्या ठेल्यावरून पाहत होतो.

आत जाता जाता सासरेबुवांनी त्या म्हाताऱ्याला विचारलं, "काय बाबा, तुमची केस काय हाय?"

म्हातारा उठून बसला. "मले काय मालूम? आडेसाहेब म्हणे, इथं च्या भेटते!"

पानाच्या ठेल्यामागे आडे खाली बसला. मी त्याच्या मागे.

सासरेबुवा हळूच खुर्चीत टेकले. सगळ्या ओटीवर नजर फिरवली. एकेकाला विचारत गेले, "तुमाले कोणं धाडलं? अन् तुमाले?" कोणी मोहरील सांगितलं, कोणी आडे, कोणी माझं नाव. मधू दारात मान खाली घालून उभा. कुमुदवहिनी पदर तोंडाला लावून उभ्या, रडताहेत की हसताहेत कळेना.

मग सासरेबुवांनी सगळ्यांना चहा सांगितला, त्या म्हाताऱ्याला दोनदा. आणि जाताना जावयाला म्हणाले, "जिनिंगमध्ये माझ्यासाठी एवढं खोटं कोणी बोललं नाही आजवर. ठीक हाय जावईबापू. तारीख वाढवून देली!"

०००

मधू पुढे डॉक्टरेट मिळवून डॉक्टर झाला. कसा झाला, ते सांगतो.

महाराष्ट्र राज्य होऊन गेलं होतं. नागपूरला तोंडी परीक्षा ठरली. परीक्षक मुंबईचे, इंग्लंडात शिकून आलेले, पांढऱ्या भुवयांचे एक बडे प्रोफेसर. ऐकायला बसायची मुभा होती, म्हणून मी, आडे आणि कुमुदवहिनी एस.टी.ने गेलो आणि मागच्या बाकावर बसलो. दादासाहेबांना प्रवास झेपत नव्हता. त्यांनी निरोप दिला होता, "नापास झाला तं सांगजो, मीही मॅट्रिक आठवून त्याच्यासाठी रडीन."

बोलणं सगळं इंग्रजीत झालं, मी आपलं मराठीत सांगतो.

पहिला प्रश्न आला आणि मधूची वाचा बसली. इतकी वर्षं ज्या विषयात तो जेवला, झोपला, ज्याच्यासाठी अशील घालवले, तो सगळा विषय डोक्यातून असा गेला, जसा बुडाला भोक पडलेल्या माठातून पाणी. कपाळावर घाम. प्रोफेसर वाट पाहत होते.

आमच्या बाकावरून हळू आवाज आला. कुमुदवहिनी! मधूने तो आवाज उचलला आणि उत्तर दिलं. दुसरा प्रश्न. पुन्हा आवाज, पुन्हा उत्तर. तिसऱ्याला प्रोफेसरांच्या भुवया वर गेल्या.

"मिस्टर सबनीस, तुमच्या मागून कोणीतरी बोलतंय."

मधू गडबडला. "ती... ती माझी टंकलेखिका, सर."

आमच्या बाकावरचा आवाज बंद झाला.

पुढचा प्रश्न आला. मधू थांबला. कान मागे लावून थांबला. आमच्याकडे सगळं शांत. मी वहिनींकडे पाहिलं. त्या खिडकीबाहेर पाहत होत्या. आडे माझ्या कानात कुजबुजला, "मेला बिचारा!"

मधूने वळून पाहिलं. त्याचे ते डोळे मी अजून विसरलो नाही. मग प्रोफेसरांकडे फिरून म्हणाला, "माफ करा सर. ती माझी पत्नी आहे. मला येत होतं ते सगळं मी आज विसरलोय. तिला येतं."

प्रोफेसरांनी पेन खाली ठेवलं. प्रबंधाचं पहिलं पान उघडून पाहिलं. तिथे एकच नाव होतं, मधूचं. मग खुर्ची सरकवून म्हणाले, "मिसेस सबनीस, पुढे या."

वहिनी उठल्या. पदर नीट केला. मधूच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या.

"एकच विचारतो. इंग्लंडमध्ये व्यापारी कायदा आला कुठून?"

वहिनी म्हणाल्या, "तो व्यापाऱ्यांनीच केला, सर. बाजारात, रस्त्यावर, रोजच्या कामातून. सगळा तयार झाल्यावर राजाच्या न्यायाधीशांनी उचलला आणि राजाचा म्हणून लोकांना सांगितला."

प्रोफेसर खूश झाले. पुढे झुकले. "छान. आणि भारतात?"

वहिनींनी एकदा मधूकडे पाहिलं. मग टेबलावरच्या त्या पहिल्या पानाकडे.

"भारतात अजून तसंच चालू आहे, सर."